खाचेचा इतिहास : शिरूर-दौंड परिसरातील तीन यंत्रांच्या आधारे

दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधील फट बुजविणारी रबराची वाटोळी कडी, जिला आज सर्व कारखान्यांत ओ-रिंग म्हणतात, तिच्या शोधाची कथा अनेक ठिकाणी सांगितली गेली आहे. ज्या खाचेत ती कडी बसते त्या खाचेची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः कडी ही जुनीच वस्तू होय. स्वीडनमध्ये जे. ओ. लुंडबर्ग याने १८९६ मध्येच अशा कडीचे पेटंट घेतले होते. तरीसुद्धा पुढील चाळीस वर्षे द्रवचालित यंत्रांतील हलत्या दट्ट्यावर तिला स्थान मिळाले नाही. चामडे आणि दोरीचे पॅकिंग यांचाच अंमल तेथे चालू राहिला. १९३७ नंतर अल्पावधीत हे चित्र पालटले. या स्थित्यंतराचे श्रेय बहुतेक लेखक रबराच्या सुधारणेला देतात. ते श्रेय खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कडी टिकू लागली ती मुख्यतः तिला दिलेल्या जागेचे माप ठरल्यामुळे.

हे विधान तपासून पाहण्यास पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके सोयीचे आहेत. या भागात यंत्रशास्त्रातील कोणताही मोठा शोध लागला नाही. परंतु एकाच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देणारी तीन यंत्रे येथे थोड्या अंतरावर नांदली : दौंड जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांचा निर्वात ब्रेक, पाटस व न्हावरे येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यांतील उसाची गिरणी, आणि शिरूरच्या कोरड्या गावांतील विंधणविहिरीवरचा हातपंप, ज्याला गावकरी हापसा म्हणतात. तिन्ही यंत्रांत दट्ट्या आहे, फट आहे आणि फट बुजविण्याची निकड आहे. दाब, चालीची लांबी व आतील द्रव्य ही तिन्ही मात्र वेगळी. त्यामुळे कडीसाठी किंवा तिच्या जागी येणाऱ्या वस्तूसाठी केलेली जागाही वेगळी.

प्रथम चामड्याचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्यापुढील खरी अडचण बळ कसे उत्पन्न करावे ही नव्हती. लहान दट्ट्याने मोठ्या दट्ट्यावर बळ वाढविता येते हे तत्त्व पास्कालपासून ठाऊक होते. अडचण होती ती दट्ट्याभोवतीच्या गळतीची. बाहेरून घट्ट आवळलेले पॅकिंग पाणी अडवी, पण दट्ट्यालाही अडवी. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याच्याकडे ज्या युक्तीचे श्रेय दिले जाते ती अशी : चामड्याची वाटीसारखी वळविलेली पट्टी दट्ट्याभोवती बसवावयाची व तिचे तोंड दाबाकडे ठेवावयाचे. पाण्याचा दाब वाढला की वाटीचे ओठ फाकून दोन्ही भिंतींवर दाबले जातात. दाब गेला की ते सैल होतात. गळती घडविणारा दाबच गळती थांबवितो. पुढील दीडशे वर्षांतील बहुतेक सर्व सीलांचे मर्म या एका युक्तीत आहे, आणि ओ-रिंगदेखील तिला अपवाद नाही.

चामडे आणि पाणी यांचा संबंध दख्खनच्या शेतकऱ्याला नवा नव्हता. चामड्याची सोंडेची मोट पिढ्यान्‌पिढ्या विहिरींवर चालत आली होती, आणि चामडे कोरडे राहिले की ताठरते, भिजले की फुगते व नरम होते, हे ज्ञान मोट वापरणाऱ्या प्रत्येकाला होते. म्हणूनच पुढे पंपात चामड्याचा वॉशर, बोलीतील 'वायसर', आला तेव्हा त्याच्या स्वभावाने कोणाला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटावयास हवे होते ते दुसऱ्याच गोष्टीचे : फुगणाऱ्या वस्तूसाठी किती जागा सोडावयाची, याचे माप कोणत्याच कारागिराजवळ लिहिलेले नव्हते.

आता दौंडकडे वळू. पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि धोंड, म्हणजे आजचे दौंड, हे त्यावरील एक स्थानक होते. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा निघाला व ते जंक्शन झाले. याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावर, पश्चिमेस, ३७ फुटांत एक फूट चढणारा बोरघाट आहे. अशा उतारावर गाडी उतरविणाऱ्या कंपनीला ब्रेकचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नव्हती. इंग्लंडमधील कायद्याने मात्र हा धडा आयर्लंडमधील आर्मा येथील १८८९ च्या अपघातानंतर घेतला. तेथे चढावर मागे सुटलेले डबे घसरत गेले व सुमारे ८० माणसे मेली. त्या गाडीला निर्वात ब्रेक होता, परंतु तो स्वयंचलित नव्हता. डबे सुटताच तो निरुपयोगी झाला. त्यानंतर ब्रिटनमध्ये स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचा झाला, आणि हिंदुस्थानातील मोठ्या रेल्वेंनी स्वीकारलेला ब्रेक हा याच जातीचा, म्हणजे स्वयंचलित निर्वात ब्रेक होता. तो येथे जवळजवळ शंभर वर्षे राहिला. १९८० नंतरच्या काळात हवादाबी ब्रेकने त्याची जागा क्रमाक्रमाने घेतली.

या ब्रेकची रचना थोडक्यात अशी. प्रत्येक डब्याखाली एक उभे नळकांडे असते व त्यात दट्ट्या असतो. इंजिन सर्व गाडीभर जाणाऱ्या नळातून हवा ओढून घेते, तेव्हा दट्ट्याच्या वर व खाली दोन्हीकडे निर्वात होऊन दट्ट्या स्वतःच्या वजनाने तळाशी बसतो; ब्रेक सुटलेला असतो. चालकाने किंवा गार्डाने नळात हवा सोडली, अथवा गाडी तुटून नळच उघडा पडला, की हवा दट्ट्याच्या खाली शिरते. वरच्या भागात मात्र एक गोळीची झडप तिला जाऊ देत नाही. दट्ट्या वर ढकलला जातो व ब्रेक लागतो. नळातील निर्वात २० इंच पाऱ्याचा धरला तर दट्ट्यावरील दाबाचा फरक चौरस इंचाला जेमतेम १० पौंड भरतो. हा दाब अत्यल्प आहे. १८ इंच व्यासाच्या दट्ट्यावर त्यातून सुमारे २,५०० पौंडांचे बळ मिळते, म्हणून नळकांडी मोठ्या व्यासाची करावी लागली. व्यास मोठा, चाल काही इंचांची, दाब थोडा, आणि आतील द्रव्य कोरडी हवा : अशा ठिकाणी चामड्याची वाटी फारशी उपयोगी नाही. थोड्या दाबाने तिचे ओठ फाकत नाहीत, आणि कोरड्या हवेत चामडे आकसते.

येथे वापरली गेलेली युक्ती फारच सुंदर आहे. दट्ट्याचा व्यास नळकांड्याहून थोडा कमी ठेवून मधल्या फटीत जाड रबराची वाटोळी कडी चेपून बसविलेली असते. दट्ट्या वर सरकला की कडी घासत नाही. ती दट्ट्याची बाजू आणि नळकांड्याची भिंत यांच्यामध्ये लोळते. रेल्वेच्या कामगारवर्गात तिला 'रोलिंग रिंग' हेच नाव रूढ होते. साधी भूमिती सांगते की एक भिंत स्थिर व दुसरी हलती असताना मध्ये लोळणारी वस्तू निम्मेच अंतर कापते. दट्ट्या सहा इंच वर गेला तर कडी तीन इंच चढते. घर्षण जवळजवळ नाही, वंगणाची गरज नाही, आणि वजनाने खाली येणारा दट्ट्या अडून राहत नाही. कडीचा प्रत्येक भाग आळीपाळीने आत व बाहेर येत असल्याने झीजही सर्वत्र सारखी होते.

या कडीला राहावयास खाच नाही, उलट फिरावयास एक लांब मोकळी वाट आहे. त्यामुळे तिच्याबाबत जपावयाची गोष्टही एकच : कडी बसविताना तिला पीळ राहता कामा नये. एका जागी पीळ राहिला तर लोळताना तेवढा भाग मागे पडतो, कडी तिरपी चढते, आणि फटीचा काही अंश उघडा राहतो.

असा दोष निर्वातमापकावर दिसत नाही, ही यातील भयावह बाब होय. ब्रेक सुटलेला असताना दट्ट्याच्या दोन्ही अंगांना निर्वातच असतो. कडी गळकी असली तरी काटा हलत नाही. दोष उघड होतो तो ब्रेक लागल्यानंतर, खालची हवा हळूहळू वर झिरपून दट्ट्या आपोआप उतरू लागतो तेव्हा. सपाटीवर याने फारसे बिघडत नाही. घाटात उभ्या गाडीचे मात्र सर्वस्व त्या काही मिनिटांवर अवलंबून असते. दौंडची भौगोलिक घडण येथे योगायोगाने उपकारक ठरली. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला दिशा बदलावी लागे. इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. इंजिन सुटताच नळ उघडा पडून सर्व डब्यांचे ब्रेक लागत, आणि नवे इंजिन जोडून निर्वात पुन्हा तयार होईपर्यंत ते लागलेलेच राहत. तेवढा वेळ प्रत्येक रोलिंग रिंगेची परीक्षा विनासायास होई. फलाटाच्या बाजूने चालत जाणाऱ्या जाणत्या तपासनिसाला कोणता दट्ट्या अकाली खाली आला हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येण्यासारखे होते. प्रवाशांच्या दृष्टीने मात्र तो केवळ चहाचा थांबा होता.

रोलिंग रिंगेला खाच नसणे हे तिचे बलस्थान असले तरी तिची मर्यादाही त्यातच आहे. दाबाचा फरक चौरस इंचाला १० पौंडांऐवजी १,००० पौंड झाला तर रुंद फटीत मोकळी असलेली कडी क्षणभरही टिकणार नाही. ती फटीतून ओढली जाऊन फाटेल. जास्त दाबासाठी फट अगदी अरुंद हवी. फट अरुंद केली की जाड कडी तिच्यात मावत नाही. म्हणून दट्ट्याला किंवा नळकांड्याला खाच कोरून कडी तिच्यात अर्धवट लपविणे हाच मार्ग उरतो. लुंडबर्गनंतरच्या चाळीस वर्षांतील अडचण येथेच होती. खाच कोरावयाची हे सुचणे अवघड नव्हते. ती किती लांब व किती खोल हे कोणी निश्चित केले नव्हते. सुताराच्या सवयीने पाहिले तर खाच कडीइतकीच असावी असे वाटते. कुसू घट्ट बसले की सांधा चांगला, हा लाकडाचा नियम. रबराच्या बाबतीत तो घातक ठरतो.

डेन्मार्कमध्ये १८६५ साली जन्मलेला नील्स ख्रिस्तेन्सेन १८९१ मध्ये अमेरिकेत गेला. ट्रामगाड्यांच्या हवादाबी ब्रेकवर त्याने पुष्कळ काम केले होते; म्हणजे तोही मूळचा ब्रेकवालाच. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना तो द्रवचालित ब्रेकच्या गळतीकडे वळला. अनेक आकारांच्या खाचा करून पाहिल्यावर त्याला आढळले की खाचेची लांबी कडीच्या जाडीच्या सुमारे दीडपट ठेवली तर कडी लाखो फेऱ्या टिकते. १९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला व १९३९ मध्ये ते त्याला मिळाले. लवकरच अमेरिकन लष्कराच्या विमानांतील द्रवचालित यंत्रणांत ही कडी वापरात आली, युद्धकाळात सरकारने तिचे हक्क आपल्याकडे घेऊन ते कारखान्यांना खुले केले, आणि युद्ध संपले तेव्हा जगभर तिचा प्रसार झाला होता. ख्रिस्तेन्सेन १९५२ मध्ये वारला.

या दीडपटीचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास कळणार नाही. रबर मऊ असले तरी दाबले जाणारे नाही. त्याचा आकार बदलतो, घनफळ जवळजवळ बदलत नाही. स्पंजाप्रमाणे ते स्वतःत मिटत नाही, पाण्याने भरलेल्या पिशवीप्रमाणे बाजूला सरते. कडीला वरून चेप दिला की ती लांबीच्या दिशेने पसरते, आणि पसरावयास जागा नसेल तर ती मऊ राहत नाही, अत्यंत ताठर होते. शिवाय तेलात ती फुगते, आणि उष्णतेने पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. ही सर्व वाढ पोटात घेणारी मोकळी जागा खाचेत आधीच राखून ठेवावी लागते. दुसरे असे की, दाब आला म्हणजे कडीने खाचेच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले पाहिजे आणि मागची जागा द्रवाने भरली पाहिजे. तेव्हाच द्रवाचा दाब तिला भिंतींवर रेटतो व मॉडस्लेच्या वाटीचे कार्य ओठांशिवाय घडते. खाच कडीने गच्च भरलेली असेल तर द्रवाला तिच्या मागे शिरावयास वाटच नाही. अर्थात खाचेतील रिकामी जागा हा निष्काळजीपणा नव्हे, तो सीलचाच एक भाग आहे.

रूढ मापे पाहिली तर हे आकड्यांत दिसते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कड्यांपैकी एकीची जाडी ३.५३ मिलिमीटर आहे. न हलणाऱ्या सांध्यासाठी तिची खाच सुमारे २.८ मिलिमीटर खोल करतात, म्हणजे कडीला जाडीच्या सुमारे पाचव्या भागाइतका चेप मिळतो. मागेपुढे हलणाऱ्या दट्ट्यासाठी खोली सुमारे ३.१ मिलिमीटर घेतात; चेप आठव्या भागावर येतो, कारण अधिक चेपाने घर्षण व झीज वाढते. खाचेची लांबी दोन्ही ठिकाणी सुमारे ४.८ मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक वाढवून. हलत्या दट्ट्याच्या खाचेचे छेदक्षेत्र सुमारे १४.९ चौरस मिलिमीटर येते आणि कडीचे ९.८, तृतीयांश जागा रिकामी राहते. खोलीतील फरक पाव मिलिमीटरचा आहे. चांगल्या लेथवर तो साधणे कठीण नाही, परंतु तो साधावयाचा असतो हे ठाऊक असावे लागते. कडीचे माप कडीवरून घेता येते. खाचेचे माप मात्र तुटलेल्या कडीवरून कधीच घेता येत नाही, आणि ग्रामीण भागातील दुरुस्तीत नेमकी कडीच हाती येते.

खाचेच्या लांबीला वरची मर्यादाही आहे, आणि तेथे दौंडच्या ब्रेकशी असलेला संबंध पुन्हा दिसतो. ख्रिस्तेन्सेनची अशी समजूत होती की खाचेत मागेपुढे होताना कडी मळली जाते व त्यामुळे तिचे आयुष्य वाढते. पुढील अनुभव वेगळा आला. खाचेतील कडीने लोळू नये, घसरावे, असेच इष्ट ठरले. दट्ट्या तिरपा असेल, वंगण कोठे कमी कोठे जास्त असेल, किंवा चाल लांब व संथ असेल, तर कडीचा एक भाग लोळतो व दुसरा घसरतो. तिला पीळ बसतो, आणि तिच्या पृष्ठभागावर मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे तिरपे चिरे पडतात. जे लोळणे निर्वात ब्रेकमध्ये कडीचा धर्म होते तेच उच्च दाबाच्या खाचेत तिचा रोग ठरले. दोन्हीकडे वस्तू एकच. तिच्याभोवतीच्या जागेने तिचे वर्तन ठरविले. केवळ कडीचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या दृष्टीतून ही गोष्ट निसटते.

उसाच्या गिरणीत तिसरीच परिस्थिती आढळते. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर ही चळवळ भीमेच्या व घोड नदीच्या खोऱ्यांतही पसरली. दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा आणि शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा हे कारखाने त्यातून उभे राहिले. अशा कारखान्यांतील गिरणीत तीन लाटा असतात. वरची लाट खालच्या दोहोंवर दाबून धरलेली असते, पण पक्की जखडलेली नसते. उसाचा जाड थर आला की तिने थोडे उचलले गेले पाहिजे व लगेच खाली यावयास हवे. हे काम तिच्या दोन्ही टोकांवरील तेलदाबाचे दट्ट्ये करतात. ३० सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या व चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम दाब धरला तर एका टोकावर सुमारे १४० टन भार येतो. दाब कायम राखण्यासाठी पूर्वी वजनांचे व पुढे नायट्रोजन वायूचे संचायक वापरात आले. दट्ट्याभोवती जुन्या गिरण्यांत चामड्याची वाटी असे. नंतर तेथे रबरी सील आले.

येथे चाल अत्यल्प, गती मंद, परंतु दाब प्रचंड. पिळाची भीती जवळजवळ नाही. शत्रू आहे तो फटीचा. ७० अंश कठिणतेची रबरी कडी, आधार नसताना, चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम दाबापर्यंत भरवशाची मानली जाते, तीही फट अगदी थोडी असेल तर. त्याहून अधिक दाबाने रबर दट्ट्या व नळकांडे यांच्यामधील फटीत घुसते, आणि दाब कमी-जास्त होताना फट उघडझाप करते तेव्हा त्याचे तुकडे कुरतडले जातात. उपाय दोन : फट आणखी कमी करणे, किंवा कडीच्या मागे चामड्याची अथवा कठीण प्लास्टिकची सपाट आधारकडी घालणे. आधारकडी घालावयाची तर खाच तेवढी लांब आधीच कोरलेली हवी. खाचेच्या काठांचाही येथे संबंध येतो. काठ वस्तऱ्यासारखा धारदार राहिला तर तोच कडी कापतो, आणि गोलाई जास्त दिली तर फटच रुंदावते. दहाव्या भागाच्या मिलिमीटरचा हा प्रश्न गाळपाच्या हंगामात टनांच्या हिशेबात येतो. तोडलेला ऊस थांबत नाही. गिरणी बंद राहिली तर त्यातील साखर तासागणिक घटते व नुकसान शेवटी उसाच्या वजनात व उताऱ्यात, म्हणजे सभासद शेतकऱ्याच्या पदरात पडते.

रबराच्या जातीचा विचार येथे टाळता येत नाही, कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात इतके फुगते की कोणतीही खाच त्याला पुरत नाही. एरंडेलासारख्या वनस्पतिजन्य तेलात ते टिकते, म्हणून मोटारींच्या जुन्या द्रवचालित ब्रेकांत एरंडेलयुक्त द्रव व नैसर्गिक रबराच्या वाट्या यांची जोडी रूढ होती. खनिज तेलात तग धरणारे नायट्राइल रबर जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात तयार झाले आणि ओ-रिंगेच्या प्रसाराला त्याचा मोठा हातभार लागला. तरीही नायट्राइलची कडी चुकीच्या खाचेत टिकत नाही, हे कोणत्याही दुरुस्तीशाळेत दिसते. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, त्याचेही वर्णन 'थंडीने कडक झालेली कडी' असे सरसकट केले जाते. थंडीने रबराची लवचिकता मंदावली हे खरे. परंतु दाब येताच रॉकेटच्या कवचाचा सांधा वाकून कडीपुढील फटच वाढत होती, आणि त्या वाढत्या फटीबरोबर कडीला तत्काळ फुलता आले नाही. दोष कडी व तिची जागा या दोहोंच्या संबंधात होता.

शिरूरच्या हापशाकडे शेवटी येण्याचे कारण असे की तेथे खाचेचा विचार उलट दिशेने गेला. हा तालुका पर्जन्यछायेत मोडतो; घोड नदीकाठचा पट्टा सोडला तर पुष्कळ गावांच्या उघड्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. काळ्या पाषाणात विंधणविहीर खणणारी हवादाबाची यंत्रे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस येऊ लागली आणि १९७२ च्या दुष्काळाने त्यांची निकड सर्वांना पटली. परंतु विंधणविहिरीवर बसविलेले बिडाचे पंप हे मूळ एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. सबंध गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते टिकेनात. त्यांच्या दांड्याची रचना अशी होती की दर हापशाला खालचा गज थोडा बाजूला ओढला जाई. त्याचा परिणाम खाली वॉशरच्या एकाच अंगाच्या झिजेत दिसे.

यावरचा पहिला मोठा उपाय मराठी मुलखातच निघाला. जालना येथील मिशनच्या विंधणविहीर-कार्यातून 'जालना पंप' व त्यामागून सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराच्या हातून 'सोलापूर पंप' तयार झाला. पोलादी पत्र्याचा जोडलेला सांगाडा, दांड्याला एकच आस, आणि दांड्याच्या टोकाशी वर्तुळखंडावरून जाणारी साखळी : साखळीमुळे गज नेहमी उभ्या रेषेतच ओढला जाऊ लागला. हाच पंप पुढे युनिसेफ, मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी व सरकारी संशोधनसंस्था यांच्या प्रयत्नांनी सुधारला जाऊन १९७७-७८ च्या सुमारास 'इंडिया मार्क दोन' या नावाने तयार होऊ लागला. बाहेरून पाहणारा साखळीला दांड्याची सोय समजेल. सीलच्या दृष्टीने पाहिले तर तिने दट्ट्याला नळकांड्याच्या मध्याशी धरून ठेवले व फट सर्व बाजूंनी सारखी केली, हे तिचे मोठे काम होय.

मार्क दोनच्या नळकांड्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर व चाल १२५ मिलिमीटर आहे. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलोग्रॅम भार येतो. दाब चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम, म्हणजे गिरणीच्या मानाने नगण्य. परंतु पाण्यात वाळूचे कण असतात. खाचेत बसलेली वाटोळी कडी अशा पाण्यात लवकर निकामी होते, कारण कण खाचेत अडकतो व प्रत्येक फेरीला कडीबरोबर पितळेच्या अस्तरावरही रेघ ओढतो. म्हणून येथे मॉडस्लेच्या काळातील वाटीच कायम राहिली; हापशाच्या दट्ट्यावर चामड्याच्या दोन वाट्या बसत. ओठ वर, पाण्याकडे. दट्ट्या खाली जाताना ते मिटतात व कणाला निसटू देतात. वाटीमागील जागा उघडी असल्याने तेथे काही साचून राहत नाही.

चामड्याचा दोष त्याच्या अनियमिततेत होता. कमावणी बदलली की फुगणे बदले. एक वाटी घट्ट होऊन दांडा जड करी, दुसरी महिन्यांत झिजून पाणी सोडी. वाटी बदलणे म्हणजे केवळ काही रुपयांचा खर्च नव्हे. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी ३० मीटर लोखंडी नळ, त्यातील गज व पाणी असे शंभर किलोग्रॅमांहून अधिक वजन वर ओढावे लागे, आणि त्यासाठी तालुक्याहून अवजारांसह पथक यावे लागे. पथक येईपर्यंतचे दिवस गावातील स्त्रियांनी दुसऱ्या पाणवठ्यापर्यंतच्या वाटेवर मोजावयाचे असत. सीलच्या अपयशाची खरी किंमत इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही, ती अशी असते.

१९८० नंतरच्या दशकात कोइमतूर परिसरात या पंपाच्या दीर्घ चाचण्या घेण्यात आल्या. तेथे चामड्याच्या जागी नायट्राइल रबराच्या वाट्या वापरून पाहण्यात आल्या व दोन दुरुस्त्यांमधील अंतर बरेच वाढलेले आढळले. रबराची वाटी साच्यातून निघते, म्हणून तिचे ओठ दर वेळी सारखे. आणि पाण्यात ती फारशी फुगत नाही, म्हणून तिच्यासाठी ठेवलेली जागा बसविण्याच्या दिवशी जेवढी तेवढीच पुढे राहते. चामड्याच्या काळात जे माप हवामानावर व कमावणाऱ्याच्या हातावर सोपविलेले होते ते येथे प्रथमच आराखड्यावर आले.

त्याच चाचण्यांतून 'मार्क तीन' पुढे आला. त्यात उभा नळ ६५ मिलिमीटरचा, म्हणजे दट्ट्याहून किंचित मोठा केला, जेणेकरून नळ न काढता दट्ट्या त्यातूनच वर ओढता यावा. तळची झडपही वर आणता यावी म्हणून ती आट्यांनी न जखडता तिच्याभोवती एक ओ-रिंग घालून ती शंकूच्या आकाराच्या बैठकीत नुसती दाबून बसविलेली असते. शंकूत कडी जसजशी खाली उतरते तसतसा चेप आपोआप वाढतो, आणि वरील पाण्याचे वजन तिला आणखी खाली दाबते. पाव मिलिमीटरची अचूकता येथे अपेक्षितच नाही. लेथवर जे काटेकोरपणे कोरावे लागते ते येथे उताराने व पाण्याच्या भाराने साधले आहे. हा पंप जाड नळामुळे महाग पडतो, आणि संख्येने तो मार्क दोनच्या जवळपासही पोचला नाही. मात्र रबराची वाटी मार्क दोनच्या जुन्या नळकांड्यातही बसत असल्याने ती तेथवर गेली, आणि त्यासाठी त्या नळकांड्यात काहीही नव्याने कोरावे लागले नाही.